जुन्या पुस्तकांची वाट

मंडळी, आठवड्याच्या बाजारात आपण बैल घेतो, घोंगडी घेतो, कुळवाची पास घेतो. बैल घेताना त्याचे दात पाहतो, घोंगडी घेताना वीण पाहतो. जुने लुगडे देऊन बोहारणीकडून पातेले घ्यायचे झाले तरी अर्धा तास घासाघीस चालते. पण त्याच बाजाराच्या कडेला रद्दीवाला तराजू मांडून बसलेला असतो. त्याच्याजवळ वर्तमानपत्रांचे गठ्ठे असतात, फाटक्या वह्या असतात, आणि त्यांच्याच खाली दबलेली जुनी पुस्तके असतात. त्या ढिगाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आज त्या ढिगाविषयीच बोलायचे आहे.

तुम्ही म्हणाल, जुन्या पुस्तकाला कसला आला इतिहास? पण आहे बरं का. महाराष्ट्रात विद्या कोणाच्या घरी होती, ती कोणाच्या घरी गेली आणि वाटेत किती सांडली, याचा हिशेब या जुन्या पुस्तकांच्या वाटेवरच सापडतो.

आधी छापखाना येण्यापूर्वीचा काळ डोळ्यांपुढे आणा. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होई. जुन्नरचा कागदही नावाजलेला होता. त्या कागदावर बोरूने एकेक अक्षर काढायचे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत. एवढी पोथी उतरून काढायची म्हणजे चांगला लेखक महिनेच्या महिने बसे. अशी पोथी मग रुमालात बांधून देवघरात राही. पोथी संपवताना लिहिणारा शेवटी विनवणी करी, की बाबांनो, हिला तेलापाण्यापासून जपा. त्याच्या बोटांना आणि डोळ्यांना काय कष्ट पडले होते ते त्याचे त्यालाच ठाऊक.

अशी वस्तू बाजारात विकायला येत नसे. ती बापाकडून मुलाकडे जाई. शेत वाटले जाई, घर वाटले जाई, तशा पोथ्याही भावाभावांत वाटल्या जात. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्याच्या वाडवडिलांकडे पोथी नव्हती, त्याच्याकडे ती यायची दुसरी वाट जवळजवळ नव्हतीच. कीर्तनात ऐकायचे, वारीत म्हणायचे, पाठ करायचे, एवढेच त्याच्या हाती होते. आपल्या मुलखातील कितीतरी माणसांनी असेच ऐकून ऐकून ज्ञान मिळवले. पण ग्रंथ स्वतःच्या हाती धरून, हवे तेव्हा हवे ते पान उघडण्याचा अधिकार ही वंशाने मिळणारी इस्टेट होती.

हाताने उतरलेल्या पोथीत आणखी एक अडचण असे. एकाने चूक केली की पुढचा ती चूक जशीच्या तशी उतरवी, वर स्वतःची एक भर घाली. म्हणून तर १५८४ साली एकनाथ महाराजांना ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत तयार करावी लागली. त्यांना ते काम करता आले, याचे कारण जुन्या प्रती लोकांनी जपून ठेवल्या होत्या. जुनी प्रत टाकून दिली असती, तर ताडून कशाशी पाहणार? ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा कामाला येईल.

मग छापखाना आला. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी या मिशनऱ्याचे मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघाले. पुढे मुंबईत मिशनचे छापखाने निघाले. गणपत कृष्णाजी यांनी आपला स्वतःचा छापखाना काढला, पंचांगे छापली. छापण्याच्या शाईत चरबी असते, म्हणून छापील पोथीला शिवायचे नाही, असे म्हणणारे लोक त्या वेळी होते. त्यांची शंका फेडण्यासाठी गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घातले, असे सांगतात. नंतर १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना उभा केला. गरिबीत वाढलेला हा मुलगा मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामापासून चढत चढत वर आला होता. निर्णयसागरचा सुबक टाइप आणि नेटके छापकाम यांचा लौकिक पुढे देशभर पसरला.

छापखान्याने मोठा बदल कोणता केला? पुष्कळ लोक म्हणतील, पुस्तके स्वस्त झाली. ते खरेच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की पुस्तक हा माल झाला. आणि माल म्हटला की तो एकदा विकता येतो, तसा दुसऱ्यांदाही विकता येतो. इथूनच जुन्या पुस्तकांची वाट सुरू झाली.

ही वाट पहिल्यांदा शाळेच्या दारातून गेली असली पाहिजे. एखादा मुलगा वरच्या इयत्तेत गेला की त्याची पुस्तके खालच्या इयत्तेतील मुलगा अर्ध्या किमतीला घेई. कोणी पाव किमतीलाही घेई. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकाखाली एक तीन-तीन, चार-चार नावे लिहिलेली असत. आधीच्या मुलाने कठीण शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवलेले असत, ते पुढच्याला आयते मिळत. ज्या घरात मुलाची फी भरता भरता आईच्या अंगावरचा डाग मोडावा लागे, त्या घरात नवी पुस्तके कुठून येणार? जुनी पुस्तके नसती तर कितीतरी मुलांचे शिक्षण चौथ्या इयत्तेतच थांबले असते. त्यांची नावे कोणत्या बखरीत नाहीत, पण पुस्तकांच्या पहिल्या पानावर ती आहेत.

या वाटेने जाऊन माणूस कुठवर पोहोचू शकतो, याचे एक उदाहरण सांगतो. ते तुम्हा सर्वांच्या ओळखीच्या थोर पुरुषाचे आहे.

१९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. त्यातच राहायचे, खायचे आणि घरीही पैसे धाडायचे. मुंबईत रमाबाई संसार ओढीत होत्या. अशा स्थितीत तरुण माणूस दोन घटका करमणूक शोधतो. आंबेडकर शोधीत होते जुन्या पुस्तकांची दुकाने. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये फोर्थ अॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर अशा दुकानांची ओळच्या ओळ होती. नव्या पुस्तकाच्या किमतीत तिथे तीन-चार जुनी पुस्तके पदरात पडत. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी तीन वर्षांत सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे.

क्षणभर थांबून विचार करा. ज्या समाजाला पोथीची सावलीसुद्धा घेऊ दिली नव्हती, त्या समाजातील हा तरुण. त्याच्या वाटणीला वाडवडिलांचा ग्रंथसंग्रह येणे शक्यच नव्हते. म्हणून त्याने परक्यांच्या वाडवडिलांचे ग्रंथ परक्या देशात, परक्या बाजारात, रोख पैसे मोजून विकत घेतले. दुकानदाराने त्याला जात विचारली नाही. त्याने विचारले असेल ते एवढेच, की किती देता बोला. मंडळी, बाजाराला आपण पुष्कळ नावे ठेवतो, आणि ती ठेवण्यासारखी असतातही. पण जुन्या पुस्तकांच्या बाजाराचा हा एक गुण मान्य केलाच पाहिजे.

पुढची हकिकत मात्र मन हळहळावे अशी आहे. १९१६ साली आंबेडकर लंडनला गेले, तेव्हा हा संग्रह त्यांनी हिंदुस्थानात पोहोचवण्यासाठी एका परिचिताच्या हवाली केला. त्यातली थोडीच पुस्तके त्यांना परत मिळाली. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपून ते लंडनहून परत निघाले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. भरपाईदाखल ६०० रुपये मिळाले, ते बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या खर्चाला उपयोगी पडले.

दुसरा कोणी असता तर पुस्तकांचा नाद त्याने सोडला असता. आंबेडकरांनी पुन्हा पहिल्यापासून पुस्तके जमवायला सुरुवात केली. १९३० नंतरच्या दशकात दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, तेव्हा घर बांधताना ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. तिथला त्यांचा ग्रंथसंग्रह देशातील मोठ्या खाजगी संग्रहांत गणला गेला. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. गरिबांच्या मुलांना पुस्तकांचे दार उघडे असावे, ही त्या कामामागची तळमळ. ती कुठून आली असेल, हे तुम्हाला आता वेगळे सांगायला नको.

ही झाली वाटेची उजळ बाजू. आता दुसरी बाजू पाहू.

छापील पुस्तके घरात आली, तशी हाताने लिहिलेल्या पोथ्यांची आणि मोडी कागदांची किंमत उतरली. मोडी वाचणारी पिढी संपत चालली. माळ्यावर रुमालाच्या रुमाल पडून होते. नातवाला वाटे, या कचऱ्याला किती दिवस जागा द्यायची? मग कोणी ते नदीत सोडले, कोणी बंबात घातले, कोणी वाण्याला पुड्या बांधायला दिले. पानिपतच्या रणातून आलेल्या पत्रात हळद बांधून गेली असेल, तर ती घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही त्याचा पत्ता नसणार.

या लाटेच्या आड विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हा एक माणूस उभा राहिला. अंगात साधे कपडे, गरजा अगदी थोड्या, आणि पायाला भिंगरी. गावोगाव जाऊन हे गृहस्थ लोकांच्या माळ्यांवरचे कागद मागत. कोणी देत, कोणी हाकलून देत. कागदात जमिनीचा काही भलताच पुरावा निघेल अशी काहींना धास्ती वाटे. वाईला त्यांना जी जुनी पत्रे मिळाली, त्यांतून १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा पहिला खंड तयार झाला. तो १८९८ साली प्रसिद्ध झाला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने पुढे असे एकंदर बावीस खंड निघाले. तोवर पानिपतची हकिकत सांगायची तर बखरीवर भिस्त होती. आता त्या धामधुमीत प्रत्यक्ष वावरलेल्या माणसांची पत्रे हाती आली. रसद कुठे अडली, पैसा कसा संपला, कोणी कोणाला काय कळवले, हे तारीखवार दिसू लागले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते राजवाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या याच खटपटीतून. राजवाडे १९२६ साली धुळ्यास वारले. तिथेही त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांना जे सापडले त्याचा आपण अभिमान बाळगतो. पण ते ज्या गावी पोहोचायच्या आधीच बंब पेटला होता, त्या गावचा इतिहास कुठे आहे? तो नाही. आणि तो नाही हे दाखवायलाही काही शिल्लक नाही.

छापील पुस्तकांचेही तसेच. तुम्हाला वाटेल, छापलेल्या पुस्तकाच्या हजार प्रती निघतात, त्या कशा नाहीशा होतील? पण त्या हजारांतल्या नऊशे नव्व्याण्णव प्रती रद्दीत जायला दोन पिढ्या पुरतात. हातकागद शंभर-दोनशे वर्षे टिकतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद मात्र पन्नास वर्षांत पिवळा पडतो आणि दुमडला की मोडतो. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करण्याचे बंधन आले, तरी सगळेच जपले गेले असे झाले नाही. शंकर गणेश दाते या गृहस्थांनी ग्रंथालये धुंडाळून ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांच्या नोंदी आहेत. ती सूची चाळताना आपल्या भाषेत केवढे काम झाले होते हे कळते. त्याचबरोबर त्यातले किती आज सहज हाताला लागत नाही, हेही कळते.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली जुनी पुस्तके यंत्राने टिपून इंटरनेटवर ठेवतात, मग कागदाची काळजी कशाला? अहो, टिपायला आधी एक प्रत तरी शिल्लक हवी. रद्दीच्या लगद्यात गेलेले पुस्तक कोणते यंत्र टिपणार? एकनाथ महाराजांच्या वेळची गोष्ट आजही खरीच आहे. जुनी प्रत असेल तरच पुढचे काम होते.

शहरांत या वाटेची ठाणी होती आणि काही अजून आहेत. मुंबईत फोर्ट भागात, फ्लोरा फाउंटनच्या आसपास, पदपथावर पुस्तकांचे ढीग लावून विक्रेते वर्षानुवर्षे बसत. ग्रंथांचे वेड असलेली माणसे कचेरी सुटल्यावर तिथे थबकत. २००५ च्या सुमारास महापालिकेने त्यांतील बरेच ढीग उठवले, त्यांपैकी काही पुन्हा आले. पुण्यात आप्पा बळवंत चौक हे शाळा-कॉलेजच्या पुस्तकांचे मोठे पेठेचे ठिकाण. पेशवाईतील सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांचे नाव त्या चौकाला आहे. दिल्लीला दर्यागंजच्या पदपथावर दर रविवारी पुस्तकांचा बाजार भरे, तो २०१९ साली तिथून हलवून बंदिस्त जागेत नेण्यात आला. विलायतेत वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचे एक लहानसे गाव तर १९६० नंतर जुन्या पुस्तकांच्या दुकानांवरच नावारूपाला आले. आपल्याकडे महाबळेश्वर-पाचगणीजवळ भिलार येथे २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले. तिथे पुस्तके विकत नाहीत, घराघरांत वाचायला ठेवली आहेत. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारी माणसे वाचीत बसतात. खेड्यात पुस्तके चालत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे कामाचे बोलतो. रद्दीच्या ढिगात एखादे जुने पुस्तक दिसले, त्याची पहिली पाने गेलेली असली, तरी त्याचे वय ओळखता येते. बैलाच्या दातांसारख्याच याच्याही खुणा आहेत.

पहिली खूण शकाची. पुष्कळ जुन्या मराठी पुस्तकांवर इसवी सन नसतो, शके असतो. त्यात ७८ मिळवा. शके १८२० म्हणजे इसवी सन १८९८. साल पौष-माघ-फाल्गुनातले असेल तर ७९ मिळवायला लागतात. दुसरी खूण किमतीची. किंमत आण्यांत असली तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. तिसरी खूण लेखनाची. शब्दांच्या डोक्यावर उच्चार न होणारे पुष्कळ अनुस्वार दिसले, तर ते १९६२ च्या नव्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे असण्याचा संभव मोठा. ‘इ’ आणि ‘उ’ ऐवजी ‘अि’ आणि ‘अु’ छापलेले असेल, तर सावरकरांनी पुरस्कारलेल्या आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने चालवलेल्या लिपिसुधारणेच्या काळातले ते असावे. आणि अक्षरे छापील असूनही हाताने लिहिल्यासारखी दिसली, तर हे शिळाछापाचे काम, बहुतेक एकोणिसाव्या शतकातले. असे पुस्तक दिसले तर तराजूवर जाऊ देऊ नका.

इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांना हा खेळ शिकवून पाहा. घरातून एकेक जुने पुस्तक आणायला सांगा आणि त्याचे वय काढायला लावा. सनावळी पाठ करायला कंटाळणारी मुले यात रमतात. इतिहास हा घरच्या माळ्यावरही असतो, हे त्यांना तेव्हा कळते.

घेताना सावधही राहावे. मधली पाने, नकाशे आणि चित्रे शाबूत आहेत का ते पाहावे. वाळवी किंवा कसर लागलेले पुस्तक घरच्या कपाटात एकदम ठेवू नये. आधी झटकून, सावलीत वारा देऊन, वेगळे ठेवावे. सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत, कारण तिचा डाग कायमचा राहतो. पिठाची पातळ खळ आणि पातळ कागद बरा. कायद्याचे, औषधांचे किंवा शेतीतील फवारणीचे जुने पुस्तक इतिहास म्हणून खुशाल वाचा, त्याप्रमाणे वागू मात्र नका. त्या बाबतीत नवेच पाहावे. आणि पुस्तकावर एखाद्या ग्रंथालयाचा शिक्का असून ते रद्द केल्याची खूण नसेल, तर ते विकत घेण्याऐवजी त्या ग्रंथालयाला कळवावे. चोरीचा बैल आपण दावणीला बांधत नाही, तसेच हे.

आणखी एक. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची सोय झाली, पुस्तके वाढली, कपाटे भरली. मग जागा होईना म्हणून जुनी पुस्तके काढून टाकण्याची वेळ येते. ती काढावीच लागतात, त्यात दोष नाही. पण रद्दीवाल्याला बोलावण्यापूर्वी गावातील एका जाणत्या शिक्षकाने तो ढीग एक दिवस चाळावा, एवढे तरी व्हावे. गावच्या यात्रेची पुस्तिका, बंद पडलेल्या शाळेचा अहवाल, स्थानिक कवीचा पदरमोड करून छापलेला संग्रह, जुन्या सहकारी सोसायटीची नियमावली, असली कागदपत्रे पुण्या-मुंबईच्या कोणत्याही कपाटात नसतात. ती असतील तर तुमच्याच गावात असतील. तुम्ही टाकली, तर ती जगातून गेली.

रद्दी पूर्वी शेरावर विकली जाई, १९६२ पासून किलोवर विकली जाते. माप बदलले, पण तराजूला अक्षर वाचता येत नाही ते नाहीच. ते काम माणसाने करायचे असते. म्हणून पुढच्या बाजाराला जाल तेव्हा भाजी घेऊन झाल्यावर त्या ढिगापाशी पाच मिनिटे थांबा, आणि पिशवीत एखाद्या पुस्तकापुरती जागा ठेवा. ते पुस्तक तुमच्या घरातील मुलाला लागेल, नाही तर शेजारच्या घरातील मुलीला लागेल. ज्याच्या घरी आजवर पुस्तक आले नाही, त्याच्या घरी ते याच वाटेने लवकर पोहोचते.